नऊ षटकं, चार चेंडू आणि एक कुर्ली

सहलीला कुठे जायचं यावर आमच्या घरात कधी वाद होत नाही. सासूबाईंचं माहेर मालवणजवळच्या आचऱ्याचं, त्यामुळे मे महिना म्हणजे मालवण, हे माझ्या लग्नाच्या आधीच ठरून गेलेलं आहे. वाद होतो तो कधी जायचं यावर. तोही रजेवरून नाही, मुलांच्या परीक्षांवरून नाही. वारांवरून.

सासूबाईंचा सोमवार, शंकराचा. नणंदबाई दादरला राहतात, सिद्धिविनायक जवळ, त्यामुळे त्यांचा मंगळवार. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, गुरुवार करतात. वास्तविक भावोजींना काट्याची भीती वाटते आणि ते कुठल्याच वारी मासा खात नाहीत. पण गुरुवारी ते मासा ‘सोडतात’. नवऱ्याचा शनिवार. साडेसाती लागली तेव्हा धरला होता. साडेसाती गेली, शनिवार राहिला. मी कोल्हापूरची. आमच्याकडे वार असायचे ते मटणाचे, बुधवार आणि रविवार, आणि ते मात्र अत्यंत निष्ठेनं पाळले जायचे.

तर सगळ्यांनी एका पंगतीला बसून मासे खायचे, म्हणजे आठवड्यात बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढेच शिल्लक. २०२४ च्या मे महिन्यात त्यातही काटछाट झाली. शुक्रवारी १० तारखेला अक्षय्य तृतीया. सोमवारी १३ तारखेला पुण्यात लोकसभेचं मतदान, म्हणून रविवार परतीच्या रस्त्यात. राहता राहिला एक बुधवार, ८ मे.

हा बुधवार सासूबाईंनी कालनिर्णयासमोर उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून शोधून काढला. शोधल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाल्या, “अमावास्या आहे गं. कुर्ल्या भरलेल्या असतील.” कोकणातली जाणती माणसं सांगतात की अमावास्येच्या सुमाराची कुर्ली (म्हणजे खेकडा) मांसानं गच्च भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ. कालनिर्णय काढणारे जयंतराव साळगावकर जन्मानं मालवणचे. १९७३ साली त्यांनी ते सुरू केलं, आणि एकादशीपासून पाककृतीपर्यंत सगळ्याची सोय लावली. कुर्ल्यांसाठी वेगळी खूण काही ठेवली नाही. मालवणच्या माणसाला अमावास्या लिहिल्यावर आणखी काही लिहायची गरज वाटली नसावी.

नवऱ्याच्या हातात दुसरंच वेळापत्रक होतं, आयपीएलचं. त्यात ८ मेच्या चौकोनात लिहिलं होतं: हैदराबाद विरुद्ध लखनौ, संध्याकाळी साडेसात. “आपल्यापैकी कुणाचाच संघ नाही, निवांत जेवता येईल,” असं म्हणून त्यानं बुधवारला मंजुरी दिली.

‘आपल्यापैकी कुणाचा संघ’ हे जरा उलगडून सांगायला हवं. नणंदबाई मुंबईच्या. पाच वेळा आयपीएल जिंकलेल्या संघाच्या मागे उभं राहिलेलं माणूस बोलताना मान जशी किंचित वर ठेवतं, तशी त्यांची मान कायमच असते. मुलगी बंगलोरची, कोहलीमुळे. मुलगा चेन्नईचा, धोनीमुळे. नवरा पुण्याचा, आणि हेच त्याचं दुखणं. पुण्याला संघ नाही. म्हणजे होता. दोनदा होता. पहिला आला आणि गेला. दुसऱ्यानं २०१६ साली धोनीला कर्णधार केलं, २०१७ साली स्मिथला केलं, नावाच्या शेवटचं एक अक्षर गाळलं, अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली आणि तिथे मुंबईकडून एका धावेनं हरून तो कायमचा अंतर्धान पावला. त्या एका धावेचा विषय नणंदबाई दर दिवाळीला, चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडता उघडता काढतात.

पण २०२४ साली ऋतुराज गायकवाड चेन्नईचा कर्णधार झाला आणि नवऱ्याच्या आयुष्यात पुन्हा अर्थ आला. ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी लावणाऱ्या शहरातला हा माणूस तेव्हापासून चेन्नई ही पुण्याची शाखा असल्यासारखा बोलतो.

आता त्याच्या श्रद्धांबद्दलही सांगून टाकते. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीनं विश्वचषक जिंकून देणारा तो षटकार मारला तेव्हा नवरा पाणी प्यायला उठला होता आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता. तेव्हापासून महत्त्वाच्या सामन्यात तो उंबऱ्यातच उभा राहतो आणि मी पोळ्यांचा डबा त्याच्या काखेखालून बाहेर सरकवते. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात तो दिवसभर तिथे उभा होता. पायांना गोळे आले, पण हलला नाही. ट्रॅव्हिस हेडनं १३७ काढल्या. “उंबरा बरोबर होता,” नवरा नंतर खिन्नपणे म्हणाला, “पण तो हेड उंबरा मानत नाही.” हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोमवारी सकाळी सात माणसं सात आसनांच्या गाडीतून निघालो. सात आसनी गाडीत सातवं आसन हे आसन नसून शिक्षा असते. तिथे मुलगा बसला. कऱ्हाड जवळ आलं की नवरा गाडीचा वेग कमी करतो, कारण जवळच गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हे व्याख्यान मुलांना पाठ आहे. प्रवासखर्चासाठी कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, या वाक्याला नवऱ्याचा आवाज जड होतो. मागून मुलगा म्हणाला, “मग माझ्या बॅटसाठी तुम्ही काय गहाण टाकताय?” वेग पुन्हा वाढला. बरं झालं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं पदक त्या वेळी अजून तीन महिने लांब होतं. नाहीतर राधानगरीच्या रस्त्यावरही वेग कमी झाला असता आणि आम्ही मालवणला पोहोचलो असतो की नाही देव जाणे.

मुक्काम कोल्हापूरला माझ्या भावाकडे. तिथे क्रिकेटची काय पत आहे ते नवऱ्याला लग्नानंतर लगेच समजलं होतं, तरी तो दर वेळी नव्या उमेदीनं विषय काढतो. कोल्हापुरात खेळ म्हणजे फुटबॉल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, एकेका तालमीचा संघ, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या त्या पेठेत त्या दिवशी लग्नसुद्धा जपून काढावं. माझा भाऊ सभ्य सरकारी नोकर आहे. सामन्याच्या दिवशी मात्र तो अंगात आल्यासारखा असतो. त्या रात्री टीव्हीवर मुंबई-हैदराबाद सामना लागला. भावानं पाच मिनिटं पाहिला आणि विचारलं, “दाजी, ह्यात तुमच्या पेठंतलं कोण खेळतंय?”

“पेठेतलं कसं असेल? पण ऋतुराज आहे ना, पुण्याचा. चेन्नईकडून.”

“चेन्नईकडनं? मग ते चेन्नईचं झालं की.” आणि भाऊ झोपायला गेला.

नणंदबाई मात्र जाग्या राहिल्या, आणि जागण्याचं सोनं झालं. मुंबईचा संघ त्या मोसमात गटांगळ्या खात होता. पण त्या रात्री सूर्यकुमारनं नाबाद १०२ ठोकल्या. नणंदबाईंनी तिथल्या तिथे गणित मांडलं. हे हरले, ते हरले, त्या दोघांच्या सामन्यात पाऊस आला आणि बुधवारी लखनौनं हैदराबादला हरवलं, तर मुंबईला अजून आशा होती. म्हणजे ज्या बुधवारी कुणाचाच सामना नव्हता, त्या बुधवारी आता नणंदबाईंचा सामना होता. लखनौ त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही.

सकाळी भावानं सगळ्यांना गंगावेशीत दूधकट्ट्यावर नेलं. हे प्रकरण ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रस्त्याकडेला म्हशी उभ्या. आपण पेला मागायचा. गवळी म्हशीखाली बसतो, पेल्यात सरळ धारा पडतात, वर चार बोटं फेस, आणि तो कोमट पेला तसाच आपल्या हातात येतो. मधे भांडं नाही, गॅस नाही, पिशवी नाही. आता आमच्या नवऱ्याचा असा दावा आहे की तो जगातलं काहीही खाऊ शकतो. हा दावा मोबाइलवरच्या चित्रफितींवर उभा आहे. बँकॉकच्या बाजारात कुणी तळलेला विंचू खाताना दिसलं की हा भेंडीची भाजी खाता खाता “यात काय विशेष” म्हणतो. तर पेला हातात आल्यावर तो त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “उकळलेलं नाही?”

गवळ्यानं म्हशीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. “उकळून देईना झाली अजून,” तो म्हणाला.

पेला मुलीनं घेतला. ही मुलगी घरी बदामाचं दूध पिते, ज्यात ना दूध असतं ना धड बदाम. तिनं डोळे मिटून एका दमात संपवलं, ओठावरची पांढरी मिशी पुसली नाही, आणि “प्रोटीन किती असेल?” एवढंच विचारलं. भावाला भाची एकदम आवडली. त्यानं उत्साहानं नाश्त्याला रक्ती-मुंडी मिळणारं एक ठिकाण सुचवलं. रक्ती म्हणजे बकऱ्याचं रक्त, हे नवऱ्याला सांगण्यात आलं आणि त्याच क्षणी त्याला आपण मंगळवारही करतो हे आठवलं.

“तू शनिवार करतोस ना?” सासूबाईंनी विचारलं.

“मंगळवारही मारुतीचाच असतो,” नवरा म्हणाला. नणंदबाईंनी आपल्या भावाकडे प्रेमानं पाहिलं. मला मात्र लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा वारांचा खरा उपयोग कळला. शूर माणसाला माघारीचा रस्ता लागतोच, आणि आपल्याकडे तो देवाच्या दारातून जातो.

करूळचा घाट तेव्हा कामासाठी बंद होता, म्हणून राधानगरी, दाजीपूर करत फोंड्यानं उतरलो. घाटाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की आवळासुपारीची बाटली सासूबाईंकडून निघाली ती सातव्या आसनापर्यंत पोहोचेपर्यंत रिकामी झाली होती, आणि ज्याला तिची सगळ्यात जास्त गरज होती तो सातव्या आसनावर होता.

मालवणात आम्ही उतरतो ते घर तारकर्लीच्या वाटेवर. मालकीणबाईंना सगळे काकी म्हणतात. त्या दिवशी तिथलं मतदान होतं. काकी बोटाला ताजी शाई लावून दारात उभ्या होत्या. सासूबाईंनी गाडीतून एक पाय खाली ठेवला आणि त्यांची भाषा बदलली. पुण्यात ‘अहो, जरा इकडे बघता का’ म्हणणारी बाई अंगणात पोचेपर्यंत “काय गो, कुर्ल्यो गावतले मा?” इथवर आली होती.

“गावतले. पण सावकाश खावच्यो लागतत हां. तुमी खंयच्या?”

“आचऱ्याची गो मी.”

“मगे तुमका शिकवूक नको.”

भावोजींनी मागून चौकशी केली की शाकाहारी काही, म्हणजे पनीर वगैरे, होईल का. काकींनी शांतपणे उत्तर दिलं, “पनीर आमच्या जाळ्यात गावना नाय.” पण त्यांनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्यांचं आश्वासन दिलं, आणि त्यानंतरचे सगळे दिवस भावोजींनी जी उसळ चापली ती पाहता त्यांची दया यायचं कारण उरलं नाही.

बुधवारी काकींचा मुलगा सकाळीच कुर्ल्या घेऊन आला. टोपलीत, नांग्या सुंभानं बांधलेल्या, तरी आतून खरखर आवाज. आमच्या मुलानं काठी लावून पाहिली. कुर्लीनं काठी धरली ती सोडेना. काकी मागच्या पडवीत बसल्या. मी मुद्दाम जवळ बसून पाहिलं. आधी मोठ्या नांग्या वेगळ्या. मग पाठ उचकटून आतलं पिवळंधमक काढून एका वाटीत. बारीक पाय फेकायचे नाहीत. ते पाट्यावर ठेचायचे, पाण्यात कोळायचे, गाळून तो रस कालवणात घालायचा, चव सगळी त्यात. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला, शेवटी कोकम. शाई लागलेलं बोट ह्या सगळ्यातून फिरत होतं आणि शाई तशीच. निवडणूक आयोगाचं एवढं काम चोख आहे याची मी ग्वाही देते.

संध्याकाळी टीव्ही पुढच्या पडवीत आणला. नवरा उंबरा शोधत होता. पडवीला दोन उंबरे निघाल्यामुळे गोंधळला. नणंदबाईंनी टीव्हीसमोरची खुर्ची धरली. लखनौनं २० षटकांत ४ बाद १६५ केल्या. बदोनीच्या ५५, पूरनच्या ४८, दोघंही नाबाद, आणि दोघांनाही नणंदबाईंनी भाच्यांसारखं नावानं हाक मारून शाबासकी दिली. “१६५ पुरतील,” त्यांनी जाहीर केलं. मध्यंतरात पानं मांडली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कुर्ली आणि क्रिकेट एकत्र होत नाहीत. बांगडा खाता खाता सामना बघता येतो, सुरमईचा तुकडा तर न बघता खाता येतो. कुर्लीला मात्र दोन्ही हात, दोन्ही डोळे आणि पुढचे सगळे दात द्यावे लागतात. कुर्ली म्हणजे पाच दिवसांची कसोटी: आधी बराच वेळ काहीच हाती लागत नाही, मग एका बेसावध क्षणी सगळं मिळून जातं. रस कोपरापर्यंत ओघळतो. चष्मा नाकावरून घसरतो आणि तो वर सारायला शरीराचा एकही कोरडा अवयव शिल्लक नसतो.

नणंदबाईंनी पहिली नांगी तोंडाशी नेली तेव्हा हैदराबादचा डाव सुरू झाला. सलामीला हेड. नवऱ्याचा चेहरा पडला.

“माझा चष्मा कुणीतरी वर करा,” नणंदबाई म्हणाल्या. मुलीनं केला.

नांगी टणक होती. दातांनी ऐकेना. सासूबाईंनी काही न बोलता हात पुढे केला, ती नांगी पाटावर ठेवली, स्टीलच्या पेल्याच्या बुडानं एकच ठोका दिला आणि परत केली. सासूबाईंना वरची कवळी आहे. कुर्ली खाण्यासाठी दात लागतात हा पुण्यातला गैरसमज असावा. त्यांच्या ताटात काय चाललं होतं ते बघण्यासारखं होतं. बोलणं नाही, वर बघणं नाही. सांध्यावर अंगठा, एक पीळ, आणि आख्खं मांस सळसळत बाहेर. रिकामी कवचं ताटाच्या कडेला अशी ओळीनं लागत होती की कुणी मनात आणलं असतं तर कुर्ली पुन्हा जोडता आली असती.

“किती झाले रे?” नणंदबाईंनी मान खाली ठेवूनच विचारलं. पेंदा फोडण्याच्या नाजूक वेळी वर बघता येत नाही.

“एकशे सात,” मुलगा म्हणाला.

“आणि विकेट?”

“एकही नाही.”

“बरं. कितवी ओव्हर?”

“सहावी संपली.”

नणंदबाईंना वाटलं पोरगा थट्टा करतोय. त्यांनी भावोजींना विचारलं. भावोजी आंबोळी मोडून उसळीत बुडवत होते. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं आणि अत्यंत तटस्थपणे आकडा खरा असल्याचं सांगितलं. तेव्हा नणंदबाई वर बघणार होत्या. पण नेमका त्याच क्षणी पेंद्याचा पडदा सुटला आणि आत भरलेलं मांस दिसलं, अमावास्येचं. मी त्यांच्याकडे बघत होते. एका बाजूला मुंबईचं भवितव्य, दुसऱ्या बाजूला ते. त्यांनी मांस निवडलं. कुणीही तेच केलं असतं.

मांस संपवून, बोटं चाटून त्या वर बघतात तो पडद्यावर खेळाडू हस्तांदोलन करत होते. ९.४ षटकांत १६७, एकही गडी न गमावता. हेड ३० चेंडूंत ८९, अभिषेक शर्मा २८ चेंडूंत ७५. त्या निकालानं मुंबई स्पर्धेतून अधिकृतपणे बाहेर पडली. त्या मोसमात बाहेर पडणारा पहिला संघ.

पडवीत शांतता. नवरा सभ्य माणूस आहे, आणि २०१७ च्या त्या एका धावेचा हिशेब चुकता करायची ही संधी होती. तो तोंड उघडणार एवढ्यात नणंदबाईंनी उरलेली नांगी उचलली, सासूबाईंपुढे धरली आणि म्हणाल्या, “आई, ठोका.”

नवऱ्यानं तोंड मिटलं. त्याच्या ताटात कुर्ली नव्हतीच. त्याला त्या संध्याकाळी अचानक ॲसिडिटी झाली होती. बुधवारचा कुठलाच देव सापडला नसल्यामुळे बिचाऱ्याला वैद्यकशास्त्राकडे जावं लागलं. त्यानं सोलकढी पिऊन वेळ मारून नेली. चार पेले.

पुढचे दिवस शाकाहारी आणि पराक्रमी गेले. गुरुवारी तारकर्लीला मुलगी आणि नणंदबाई स्कूबाला उतरल्या. नवरा काठावर सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळत, हा प्रकार किती सुरक्षित आहे ते अनोळखी लोकांना समजावत होता; त्याला पोहता येत नाही. आणि भावोजी, जे बांगड्याच्या काट्याला घाबरून निम्मं आयुष्य वरण-भातावर राहिले, ते कुणाला काही न सांगता पैसे भरून पॅरासेलिंगच्या दोरीला लटकले आणि आकाशात गेले. खाली आल्यावर म्हणाले, “वर काटे नसतात.” घरातला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या एका खात्यात शूर असतो, आणि ते खातं कुठलं हे त्याच्या तोंडून कधीच कळत नाही.

माझं खातं खो-खो. शाळेत असताना मी सूर मारून गडी टिपायची. गुडघ्यावरच्या खुणा अजून आहेत. अक्षय्य तृतीयेला दुपारी आमरस आणि शिरवाळ्यांवर आडवा हात मारून झाल्यावर, उन्हं कलल्यावर वाळूत आसपासची पोरं जमवली आणि खो-खो मांडला. वाळूत पळणं सोपं नाही. जिममध्ये तासन्‌तास पट्ट्यावर धावणारी माझी मुलगी पहिल्याच झुकांडीला पालथी पडली, कारण तो पट्टा कधी तिला हुलकावणी देत नाही. काकी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. नवरा म्हणाला, “हा खेळ टीव्हीवर का दाखवत नाहीत?” पुढे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, दाखवलाही. १९ तारखेला एकाच संध्याकाळी भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोन्ही चषक जिंकले, दोन्ही वेळा नेपाळला हरवून, आणि दोन्ही कर्णधार मराठी, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या संध्याकाळी रिमोट मिळवायला मला घरात खरोखरीचा सूर मारावा लागला. उंबऱ्यात मात्र कुणी उभं राहिलं नाही. राहायची गरजही पडली नाही.

शनिवारी होडीनं सिंधुदुर्ग. पायाचा दगड १६६४ सालचा, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मुलानं चहाबाव कुठे आहे असं विचारलं आणि आजीचा धपाटा खाल्ला.

रविवारी निघण्याआधी सासूबाईंनी सुका बाजार केला. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळ्याची बेगमी आत्ताच. बोंबलांच्या जुड्या, गोलमो, सुके बांगडे, सोडे, जवळा. हे सगळं प्लास्टिकमध्ये, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर सासूबाईंचं जुनं लुगडं असं बांधून सातव्या आसनाच्या पायाशी ठेवलं. निपाणीपर्यंत वासाचा मुलानं निषेध केला. कऱ्हाडला त्याला काही वाटेनासं झालं, आणि व्याख्यानसुद्धा झालं नाही, कारण मोबाइलवर चेन्नईचा सामना सुरू होता. पुढे राजस्थाननं १४१ केल्या, चेन्नई पाठलागाला उतरली आणि एका बाजूनं ऋतुराज टिकून राहिला. नवऱ्यानं गाडी चालवता चालवता डावा कोपर खिडकीशी एका ठरावीक कोनात धरला होता. उंबऱ्याची ती फिरती आवृत्ती.

पुण्यात शिरता शिरता नाका लागला. दुसऱ्या दिवशी मतदान. भरारी पथक रोकड शोधत गाड्या उघडून बघत होतं. एक तरुण अधिकारी वाकला. “मागे काय आहे?”

“सामान,” नवरा म्हणाला.

अधिकाऱ्यानं मागचं दार उघडलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग तो दोन पावलं मागे सरकला, रुमाल नाकाला लावला आणि हवालदाराला हातानंच ‘बंद कर’ असं सांगितलं. दार बंद झालं. तो पुढे आला. नवऱ्यानं कागदपत्रं पुढे केली, पण त्याचं लक्ष पुढे टेकवलेल्या मोबाइलवर होतं.

“ऋतुराज आहे का अजून?”

“आहे.”

“मग होतंय. जाऊ द्या गाडी.”

नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी २०११ नंतर पहिल्यांदाच पाहत होते. पण गाडी हलेना, कारण सासूबाईंनी खिडकीची काच खाली केली होती. त्यांच्या हातात बोंबलांची एक जुडी होती.

“घे बाबा. उन्हातान्हाचा उभा आहेस.”

“नको आजी, आचारसंहिता आहे. काही घेता येत नाही,” अधिकारी म्हणाला. मग आजूबाजूला पाहिलं, रुमाल जरा खाली केला आणि खिडकीत वाकला. “कितीला पडली जुडी?”